बंडखोरीविरोधी राष्ट्रीय धोरणाचे यश : गडचिरोली जिल्ह्याच्या अनुभवाच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोली येथे भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) या बंदी घातलेल्या संघटनेच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह राज्याच्या मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याची पत्नी विमला सिडाम ऊर्फ तारक्का हिनेही गडचिरोलीतच आत्मसमर्पण केले होते. १९८० मध्ये गोदावरी व प्राणहिता ओलांडून तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात शिरलेल्या सशस्त्र चळवळीचा महाराष्ट्रातील एक दीर्घ अध्याय त्यामुळे संपत आल्याचे चित्र निर्माण झाले.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या उपनगरी पट्ट्यातील वाचकाला गडचिरोली हे राज्याचे दुसरे टोक वाटते, व तेथील संघर्ष बहुधा चकमकीच्या बातमीपुरताच परिचित असतो. अशा बातमीतून मृतांचा आकडा कळतो. पण शासनाचे धोरण यशस्वी होत आहे किंवा नाही, याचा उलगडा होत नाही. २००९ मध्ये अपयशी वाटणारे धोरण २०२५ मध्ये यशस्वी का ठरले, व ते यश टिकाऊ मानावे काय, हे प्रश्न राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि संरक्षणशास्त्राच्या अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. प्रस्तुत लेखात गडचिरोलीच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नांचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) बंडखोरीविरोधी धोरणाच्या यशाचे निकष स्पष्ट करणे.
२) गडचिरोलीतील धोरणाच्या प्रमुख घटकांचे परीक्षण करणे.
३) प्राप्त यशाच्या मर्यादा दर्शविणे.

संकल्पना व यशाचे निकष

प्रस्थापित शासनाची सत्ता शस्त्रबळाने उलथून तिच्या जागी स्वतःची सत्ता स्थापन करण्याच्या संघटित प्रयत्नास येथे बंडखोरी असे संबोधले आहे. साध्या गुन्हेगारीहून ती वेगळी ठरते, कारण बंडखोर संघटना लोकांवर राज्य करू पाहते. ती कर घेते, तंटे सोडवते, शिक्षा देते व संरक्षणाचे आश्वासनही देते.

मलायातील १९४८ ते १९६० या काळातील संघर्षाचा अनुभव असलेले ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट थॉम्प्सन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पाच तत्त्वे मांडली. शासनापुढे स्पष्ट राजकीय उद्दिष्ट असावे, शासनाने कायद्याच्या चौकटीत वागावे, सर्व विभागांची एकत्रित योजना असावी, बंडखोरांच्या सैनिकांपेक्षा त्यांची राजकीय यंत्रणा मोडण्यास प्राधान्य द्यावे, आणि आपले आधारप्रदेश प्रथम सुरक्षित करावेत, असा त्यांचा आशय आहे. अमेरिकेतील रँड या संस्थेने २०१३ मध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ७१ बंडखोऱ्यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. बंडखोरांना मिळणारी माणसे, पैसा, शस्त्रे, माहिती व आश्रय या प्रत्यक्ष मदतीत घट करणे हा यशस्वी शासनांच्या कार्यातील समान घटक असल्याचे त्यात आढळले.

या दोन्ही मांडण्या एकत्र ठेवल्या असता असे म्हणता येते की, बंडखोर संघटना गावात जी कामे करीत होती, ती कामे शासन कायदेशीर मार्गाने व अधिक चांगल्या रीतीने करू लागले, म्हणजे बंडखोरीला मिळणारी मदत आटते. पुढील विवेचन याच निकषाच्या आधारे केले आहे.

ऐतिहासिक पूर्वपीठिका : खानदेशचा दाखला

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यानंतर खानदेशातील भिल्लांच्या उठावांनी कंपनी सरकारला काही वर्षे त्रस्त केले. केवळ लष्करी मोहिमांनी यश न आल्याने १८२५ मध्ये जेम्स औट्रम याच्या नेतृत्वाखाली धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारण्यात आली. भिल्ल तरुणांना पगारी नोकरी, कुटुंबांना शेतीसाठी जमीन, जुन्या हक्कदारांना वेतन आणि भिल्लांच्या प्रश्नांसाठी स्वतंत्र अधिकारी अशी एकत्रित व्यवस्था त्यावेळी करण्यात आली व प्रदेश बराचसा शांत झाला.

तथापि ही शांतता सर्वकाळ टिकली नाही. सेंधवा घाटाच्या पहाऱ्याच्या कामी सरकारी नोकरीत राहिलेला खाज्या नाईक हाच १८५७ मध्ये उठावाचा नेता झाला आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणी येथे मोठी लढाई झाली. स्थानिक माणसाला सेवेत घेतल्याने बंड शमते, पण त्याच्या मूळ तक्रारी कायम राहिल्यास ते पुन्हा उद्भवते, असा धडा या घटनाक्रमातून मिळतो.

गडचिरोलीत चळवळ रुजण्याची कारणे

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,४१२ चौरस किलोमीटर असून त्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनाखाली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार व तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक होते. एटापल्ली, भामरागड, धानोरा या तालुक्यांतील माडिया व अन्य गोंड समाजांचे जीवन वनावर अवलंबून होते. मात्र त्या वनावर त्यांचा कायदेशीर हक्क नव्हता. शासन त्यांना भेटत असे ते मुख्यतः वनरक्षक, तलाठी व पोलीस शिपाई यांच्या रूपाने.

एप्रिल १९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्या यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या पीपल्स वॉर या गटाने त्याच वर्षी दंडकारण्यात आपली दलम पाठविली. या दलमांनी सुरुवातीला तेंदूपत्ता संकलनाची व बांबूतोडीची मजुरी वाढवून घेणे आणि कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या जुलमास आळा घालणे ही कामे हाती घेतली. मजुरीचा दर प्रत्यक्ष वाढल्याने त्यांना आश्रय मिळाला. कालांतराने त्याच तेंदूपत्ता व्यवसायातील कंत्राटदारांकडून मिळणारी खंडणी हा संघटनेचा आर्थिक आधार बनला. शाळा व रस्ते यांना विरोध होऊ लागला आणि पोलिसांचे खबरी ठरवून सामान्य आदिवासींच्या हत्या झाल्या. संरक्षण देणारी संघटनाच भीतीचे कारण होऊ लागली, आणि येथेच शासनाला वाव मिळाला.

स्थानिक दल व २००९ चा धडा

१ डिसेंबर १९९० रोजी तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांच्या पुढाकाराने साठ जवानांचे विशेष पथक स्थापन झाले, म्हणून त्यास सी-६० हे नाव मिळाले. पथकातील जवान मुख्यतः जिल्ह्यातीलच, अनेक आदिवासी समाजातील होते. गोंडी व माडिया बोली, जंगलातील पायवाटा, नातेसंबंध व बाजाराचे दिवस यांची माहिती बाहेरून आलेल्या दलास वर्षानुवर्षे मिळत नाही. ती या जवानांना उपजत होती. चकमकींव्यतिरिक्त दलममध्ये गेलेल्यांच्या आईवडिलांना भेटून त्यांना परत बोलाविण्यास सांगणे, हेही काम ते करीत. अर्थात याचा दुसरा अर्थ असा की, दोन्ही बाजूंनी लढणारे तरुण पुष्कळदा एकाच समाजातील होते. या संघर्षात जिल्ह्यात दोनशेहून अधिक पोलीस हुतात्मा झाले, तर मारल्या गेलेल्या नागरिकांत बहुसंख्य आदिवासीच होते.

चांगले पथक असणे म्हणजे चांगले धोरण असणे नव्हे, हे २००९ मध्ये दिसून आले. १ फेब्रुवारीस मरकेगाव येथे १५, २१ मे रोजी हत्तीगोटा येथे पाच महिलांसह १६ आणि ८ ऑक्टोबरला लाहेरी येथे १७ असे ४८ पोलीस तीन घटनांत मृत्युमुखी पडले. पुढे ६ एप्रिल २०१० रोजी छत्तीसगडमधील ताडमेटला येथे ७६ जवानांचा बळी गेला. आपल्या हालचालींची माहिती बंडखोरांना आधी मिळते व आपल्याला त्यांची मिळत नाही, ही खरी उणीव होती. मनुष्यबळ, केंद्रीय दलांचे सहकार्य, माहितीचे विश्लेषण व पोलीस मदत केंद्रांचे जाळे यांवर त्यानंतर भर देण्यात आला. एप्रिल २०१८ मध्ये कसनासूर-बोरिया परिसरात ४० आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोला येथे संघटनेचा केंद्रीय नेता मिलिंद तेलतुंबडे याच्यासह २६ हून अधिक माओवादी मारले गेले. मात्र या दोहोंच्या दरम्यान, १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथील भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस व वाहनचालक ठार झाले. मोठी चकमक जिंकल्यानंतरही बंडखोरांची माहिती यंत्रणा शिल्लक राहू शकते, हे त्यावरून स्पष्ट होते.

धोरण राष्ट्रीय का असावे लागते

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पोलीस हा राज्यसूचीतील विषय आहे. दंडकारण्य मात्र अनेक राज्यांत पसरलेले आहे. आंध्र प्रदेशाने १९८९ मध्ये ग्रेहाउंड्स दल उभारून आपल्या हद्दीत दबाव वाढविला, तेव्हा तेथील दलमांना पलीकडील राज्यांतील जंगल आश्रयास उपलब्ध होते. गडचिरोलीत कारवाई झाली की इंद्रावती ओलांडून अबुजमाडमध्ये जाता येत असे. एका राज्याचे यश दुसऱ्या राज्याची अडचण ठरू नये, यासाठी केंद्राच्या समन्वयाची आवश्यकता होती.

केंद्रीय गृह मंत्रालयाने २००६ मध्ये या विषयासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला व २०१५ मध्ये राष्ट्रीय धोरण आणि कृती आराखडा स्वीकारला. केंद्रीय राखीव पोलीस दल, रस्ते व दूरसंचार मनोरे यांसाठी निधी, राज्यांच्या संयुक्त मोहिमा व आर्थिक स्रोतांवर कारवाई हे त्याचे प्रमुख भाग होत. गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार या हिंसाचारातील नागरिक व सुरक्षा दलांच्या मृत्यूंची संख्या २०१० मध्ये १,००५ होती; ती २०२४ मध्ये १५० वर आली. बाधित जिल्हे २०१८ च्या फेरआढाव्यापूर्वी १२६ होते, ते एप्रिल २०२४ मध्ये ३८ व ऑक्टोबर २०२५ मध्ये ११ झाले. एप्रिल २०२५ च्या सर्वाधिक बाधित सहा जिल्ह्यांत गडचिरोलीचा समावेश होता. ऑक्टोबरमधील तीन जिल्ह्यांच्या यादीत तो राहिला नाही. मे २०२५ मध्ये संघटनेचा सरचिटणीस बसवराजू छत्तीसगडमधील नारायणपूर जिल्ह्यात मारला गेला. वरिष्ठ नेतृत्वाच्या आत्मसमर्पणामागे या सर्व बाजूंच्या दबावाचा वाटा मोठा होता.

शासनाची उपस्थिती

दबावाबरोबर शासन गावात पोहोचणेही आवश्यक असते. एटापल्ली तालुक्यातील वांगेतुरी येथे नोव्हेंबर २०२३ मध्ये, गर्देवाडा येथे जानेवारी २०२४ मध्ये आणि भामरागड तालुक्यातील पेनगुंडा येथे डिसेंबर २०२४ मध्ये पोलीस मदत केंद्रे उघडली. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या मार्गाचे उद्घाटन होऊन अहेरीहून गर्देवाड्यास एस.टी. सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी एस.टी. गावात येते, ही बाब शासनाच्या यशाइतकीच त्याच्या दीर्घ अनुपस्थितीचीही नोंद होय. ‘दादालोरा खिडकी’ या उपक्रमातून पोलीस केंद्रांवरच दाखले व योजनांचे अर्ज स्वीकारले जाऊ लागले. त्याचा लोकांना उपयोग झाला. परंतु जे काम तहसील व पंचायत समितीने करावयाचे ते पोलिसांकडे कायमचे राहणे, हे नागरी प्रशासन परिपूर्ण झाल्याचे लक्षण मानता येत नाही. विशेष म्हणजे हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून व डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून याच जिल्ह्यात कार्यरत आहेत. दुर्गमता हे सेवा न पोहोचण्याचे पुरेसे कारण नव्हते, हे त्यांच्या कार्यावरून सिद्ध होते.

हक्कांची पूर्तता : मेंढा (लेखा) चे उदाहरण

नियोजन आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २००८ मधील अहवालात या प्रश्नाचे मूळ जमीन, वन व विस्थापन यांतील अन्यायात असल्याचे नमूद केले होते. या दृष्टीने धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाचा अनुभव लक्षणीय आहे. देवाजी तोफा यांच्या नेतृत्वाखाली अभ्यासगट व सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे येण्यास २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला, आणि त्यासाठी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावी आले.

पुढे जिल्ह्यातील हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. पेसा व वनहक्क या कायद्यांच्या आधारे अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. चळवळ ज्या मजुरीच्या प्रश्नावर उभी राहिली, त्याच प्रश्नाचे कायदेशीर उत्तर ग्रामसभेच्या रूपाने उपलब्ध झाले. बंदुकीच्या आधाराने मिळणारा दर आता लिलावाच्या कागदावर मिळू लागला, हा बदल चकमकींच्या आकड्यांत दिसत नाही. मात्र बंडखोरांची राजकीय यंत्रणा निरुपयोगी करण्याच्या दृष्टीने तो निर्णायक स्वरूपाचा आहे.

कायद्याची मर्यादा

शेजारच्या छत्तीसगडमध्ये २००५ मध्ये सलवा जुडूम सुरू झाले. त्यात गावे रिकामी करून लोकांना छावण्यांत ठेवण्यात आले व स्थानिक तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून शस्त्रे देण्यात आली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तरुणांचा सशस्त्र वापर घटनाबाह्य ठरविला. सी-६० मधील जवान नियमित पोलीस सेवेतील, प्रशिक्षित व कायद्यास उत्तरदायी होते. त्यामुळे ‘स्थानिक दल’ या एकाच नावाखाली या दोन प्रयोगांची गणना करणे योग्य नाही.

कायद्याचे पालन न्यायालयातही सिद्ध व्हावे लागते. प्रा. जी. एन. साईबाबा व अन्य आरोपींना गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये शिक्षा सुनावली. ५ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने खटल्याच्या परवानगीतील दोष व पुराव्यांची अपूर्णता लक्षात घेऊन सर्वांना निर्दोष मुक्त केले. आरोपींपैकी एका आदिवासी तरुणाचा २०२२ मध्येच कारावासात मृत्यू झाला होता. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी जुलै २०२५ मध्ये संमत केलेल्या विशेष जनसुरक्षा विधेयकावरील मतभेदही याच संदर्भात समजून घ्यावे लागतात. सशस्त्र सदस्य आणि सनदशीर टीकाकार यांतील सीमारेषा पुसट झाल्यास थॉम्प्सन यांनी सांगितलेल्या दुसऱ्या तत्त्वालाच बाधा येते.

आत्मसमर्पण व पुनर्वसन

महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २००५ पासून आत्मसमर्पण योजना राबविली. मिझोरममध्ये १९६६ च्या उठावानंतर हवाई हल्ले व गावांचे सक्तीचे एकत्रीकरण झाले, तरी शांतता आली ती ३० जून १९८६ च्या करारानंतर, जेव्हा बंडाचे नेते लालडेंगा यांना सत्तेचा सनदशीर मार्ग खुला झाला. माओवादी संघटना राज्यघटनाच अमान्य करीत असल्याने असा करार येथे झाला नाही. त्यामुळे व्यक्तिगत आत्मसमर्पण हाच परतीचा मार्ग राहिला व त्याची विश्वासार्हता अधिक महत्त्वाची ठरली.

पुनर्वसन हे एका समारंभात पूर्ण होत नाही, याची साक्ष उल्हासनगरला दुरून शोधावी लागत नाही. परिस्थिती सर्वस्वी भिन्न होती, कारण तेथे आलेले लोक फाळणीने निर्वासित झालेले निरपराध सिंधी बांधव होते. परंतु प्रशासकीय अनुभव उद्बोधक आहे. कल्याणजवळच्या जुन्या लष्करी छावणीत सुमारे एक लाख माणसांची सोय झाली व ८ ऑगस्ट १९४९ रोजी वसाहतीस नाव मिळाले. तरी घरांच्या मालकीच्या सनदांचा प्रश्न पुढे अनेक दशके रेंगाळला. निवारा लगेच मिळाला. व्यवसाय, शिक्षण व कायदेशीर मालकी यांसाठी एक पिढी खर्ची पडली. गडचिरोलीत शस्त्र खाली ठेवणाऱ्याला रोख रक्कम व घरकुलाबरोबरच प्रलंबित खटल्यांचा निकाल, उपजीविका आणि ज्यांच्या घरातील माणूस दलमने मारला त्या शेजाऱ्यांमध्ये पुन्हा राहण्याची शक्यता हवी असते. या शेवटच्या बाबीचे उत्तर कोणत्याही शासन निर्णयात सापडत नाही. त्यासाठी हिंसेत बळी पडलेल्या कुटुंबांनाही तितकाच आधार देणे अगत्याचे आहे.

अपूर्ण राहिलेला प्रश्न

डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी सुरजागड येथे लोहखनिज वाहतुकीची सुमारे ८० वाहने जाळली. २०२१ पासून तेथील उत्खनन मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. रोजगार, रस्ते व जिल्ह्याचे उत्पन्न या दृष्टीने खाणीचे समर्थन केले जाते. दुसरीकडे वन, पाणी व ठाकूरदेवाचे स्थान यांवरील हक्कांसाठी अनेक ग्रामसभांनी विरोध नोंदविला आहे. बंदुकीचा धाक असताना असा विरोध माओवाद्यांच्या खाती जमा करणे सोपे होते. दलम उरली नाहीत की तो केवळ नागरिकांचा विरोध राहतो, व त्याचे उत्तर ग्रामसभेतच द्यावे लागते. खानदेशचा दाखला येथे पुन्हा आठवणे क्रमप्राप्त आहे.

निष्कर्ष

१) लष्करी दबाव ही यशाची आवश्यक अट आहे; ती पुरेशी अट नाही.
२) स्थानिक, प्रशिक्षित व कायद्यास उत्तरदायी पोलीस दल हे बाहेरील मोठ्या दलापेक्षा अधिक परिणामकारक ठरते.
३) राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या बंडखोरीस केंद्र व राज्यांचा समन्वयच उत्तर देऊ शकतो.
४) सामूहिक वनहक्क व ग्रामसभेचे अर्थकारण यांनी बंडखोरीचा राजकीय आधार क्षीण केला, म्हणून त्यांची गणना विकास योजनांत न करता सुरक्षा धोरणाच्या केंद्रस्थानी करावयास हवी.
५) न्यायालयात टिकणारा तपास व टीकेस मोकळीक यांवर शासनाची नैतिक बाजू अवलंबून असते.

केंद्र शासनाने ३१ मार्च २०२६ ही माओवादाच्या समाप्तीसाठी मुदत जाहीर केली होती. सशस्त्र संघटना संपल्याची तारीख अशा रीतीने ठरविता येते. धोरणाच्या यशाची तारीख मात्र ठरविता येत नाही. एटापल्ली वा भामरागडच्या एखाद्या ग्रामसभेने खाण, बांबू किंवा तेंदूपत्ता यांविषयी शासनास न आवडणारा ठराव निर्भयपणे संमत केला आणि शासनाने त्यास कायद्यानुसार उत्तर दिले, तर गडचिरोलीतील धोरण यशस्वी झाले असे म्हणण्यास सबळ आधार मिळेल.